मोकळा गळा

रोहिणी गेल्याचं कळसाडीत कळलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. फोन तिच्या नवऱ्याने, हेमकांतनेच केला, सुरतच्या दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून. काजल, त्यांची मुलगी, आत आईजवळ बसली होती. त्याचा धाकटा भाऊ उमाकांत म्हसावदला राहायचा, पण हेमकांत सुरतेत अडकला म्हणून पंधरा दिवसांपासून कळसाडीचं शेत तोच बघत होता. ऊस तोडायला टोळी लागली होती. फोनमध्ये मागे कोयत्यांचे आवाज येत होते.

"उमा, माय कोठे शे?"

"घर शे. काबरं?"

"तिले सांग. रोहिणी गयी."

कोयते चालूच होते. मग उमाकांतने विचारलं, "कसं सांगू, दादा?"

"सुटनी, असं सांग," एवढं म्हणून हेमकांतने फोन ठेवला.

त्यांची आई धनुबाई त्या वेळी सुपात दादर ज्वारी निवडत बसली होती. पुढचं हेमकांतला उमाकांतच्या बायकोने, सरलाबाईने, मागाहून सांगितलं. धनुबाई रडली नाही. सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि खुंटीवरचे मलमलीचे चार तुकडे काढून ट्रंकेत ठेवले. ट्रंकेला कुलूप लावलं. मग बाहेर येऊन पुन्हा दादर निवडायला बसली आणि खडे दाण्यांत टाकू लागली, दाणे खड्यांत.

ते तुकडे तिच्या नवऱ्याच्या, उखा पाटलाच्या धोतराचे होते. उखा जाऊन अकरा वर्षं झाली. त्याची दोन धोतरं तिने कोणाला हात लावू दिली नव्हती. ती धोतरं तिने गेल्या भादव्यात स्वतः कात्री घेऊन कापली, कारण सुनेच्या गळ्याला नवं कापड टोचत होतं.

*

सुतक फिटण्याच्या, गंधमुक्तीच्या दिवशी दुपारी पंगती उठल्या. भाऊबंद आपापल्या घरी गेले. ओट्यावर घरचेच लोक उरले. रोहिणीचा भाऊ भरत शहाद्याहून आला होता. त्याने रीतीप्रमाणे हेमकांतच्या डोक्यावर दुखवट्याची टोपी ठेवली, खांद्यावर रुमाल टाकला आणि खांबाला टेकून बसला. सरलाबाई दाराआड उभी होती, पदर कपाळापर्यंत.

धनुबाईने चहा स्वतः आणला. बशीत चहा सांडला होता. तिने पहिला कप भरतपुढे धरला.

"ठेवा, मावशी. माले नको."

"दूध वेगळं घालू का?"

"नको म्हंतस ना."

कप खाली ठेवला गेला. काजल आतून बॅग घेऊन आली. ती नाशिकला औषधांच्या दुकानात नोकरीला होती. तिने बॅग मामाशेजारी ठेवली.

"मामा, निघू या."

"चार दिन थांब वं पोरी," धनुबाई म्हणाली. "तुन्हा बाप एकला शे."

"कुठे थांबू, मोठी माय? ज्या घरात माझ्या आईचा गळा सोलला, त्या घरात?" काजलने आजीला विचारलं.

काजल एरवी घरात घरचीच बोली बोलायची. रागावली की शाळेतलं मराठी बोलायची. लहानपणापासून तसंच होतं. हेमकांतला ते मराठी ऐकलं की कोर्टात उभं केल्यासारखं वाटायचं.

"काजल!" उमाकांत म्हणाला. "मोठा मानूससंगे असं बोलतस का?"

"काका, मी कागद लिहून फ्रिजवर लावला होता. अजून आहे तिथे, जाऊन बघा. साबण नको. हळद नको. तेल नको. ऊन नको. कोमट पाण्याने धुवायचं, पुसायचं नाही, टिपायचं. डॉक्टरांनी दिलेलं मलमच लावायचं, तेही शेक झाल्यावर. आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात, गळ्यात काही घालायचं नाही. काहीही नाही. यातलं काय कळलं नव्हतं कोणाला?"

कागद खरंच होता. त्याच्या एका कोपऱ्यावर पिठाची बोटं उमटली होती, ती रोहिणीचीच.

"दाजी, मी आज बोलनार नव्हतू," भरत म्हणाला. "पन बहीन मन्ही व्हती. मावशी, तुम्हीच सांगा. पोत घालानी काय गरज पडनी व्हती?"

"चुकनं मन्हं," धनुबाई म्हणाली. "मीच घाली. कितला येळा सांगू? तव्हयबी सांगं, आजबी सांगस. मीच घाली."

हेमकांत आपल्या कपाकडे बघत होता. चहावर साय धरली होती. सदऱ्याच्या खिशात, दवाखान्यातून गोळ्या मिळतात तसल्या प्लास्टिकच्या पुडीत, रोहिणीची मंगळपोत होती.

*

रोहिणीला तेहतीस शेक सांगितले होते. रेडिएशनला तिकडे सगळे शेकच म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, शनिवार-रविवार मशीन बंद. गळ्यातल्या गाठीवर शेक द्यायचा, तर तो गळ्याच्या कातडीतून जाणार. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हेमकांतला बसवून सांगितलं होतं की गाठीचं आम्ही बघू, कातडीचं तुम्ही बघा. कातडी फुटली तर शेक थांबवावे लागतात, आणि मधे खंड पडणं चांगलं नाही.

पहिल्या दिवशी सिस्टर म्हणाली, "बेन, ये गले का निकाल दो. पूरा होने तक नहीं पहनना."

रोहिणीने हेमकांतकडे पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पोत एकदाही उतरली नव्हती. आकडा घट्ट बसला होता. हेमकांतनेच तो सोडवला.

"मी संभाळस," तो म्हणाला आणि पोत खिशात घातली.

दवाखान्याजवळ धर्मशाळेत खोली मिळाली होती. हेमकांत रोज सकाळी पाणी कोमट करायचा. आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचा. मग ओंजळीने तिच्या गळ्यावर सोडायचा. घासायचं नाही हे शिकायला त्याला दोन दिवस लागले. कापूस वेचणारा, उसाचं पाचट ओढणारा हात हलका पडायचाच नाही. रोहिणी म्हणायची, "म्हैस धुई ऱ्हायनात का?" मग दोघं हसायची. नंतर त्याला जमलं. कापड नुसतं ठेवायचं, पाणी ते आपोआप ओढतं. संध्याकाळी मलम, तेही बोटाने न दाबता. बाहेर निघताना छत्री. सुताची जुनी, सैल पोलकी, त्यांचे गळे त्याने स्वतः कात्रीने मोठे केले होते.

अठरा शेक झाले. कातडी काळी-लाल पडली, पण फुटली नाही. सिस्टरने बाहेर बसलेल्या लोकांना सांगितलं, "इन भाई को देखो, कैसे रखा है." हेमकांतला आयुष्यात चारचौघांत कोणी असं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी त्याने रोहिणीसाठी आणि स्वतःसाठी आइस्क्रीम आणलं. तिला तेवढंच गिळता येत होतं.

मग कानबाई देवीचा सण आला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. तिच्या नैवेद्याचा रोट असतो, सगळे भाऊबंद एका घरी जेवतात, आणि त्या साली रोट हेमकांतच्या घरी होता. सोमवारी सकाळी घरची थोरली सवाशीण कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर जाते. थोरली सून म्हणजे रोहिणी. तिचा आवाज तेव्हा अर्धा गेलेला होता. ती म्हणाली, "शनवार-रईवार मशीन बंदच शे. सोमवारना एक शेक बुडी. जाई येऊ. एकबी रोट चुकना नई मन्हा."

घर भरलं होतं. रविवारी संध्याकाळी पूजेची वेळ झाली तेव्हा हेमकांत ओट्यावर होता. आतून एका चुलत सासूचा आवाज आला. "हेमकांत जिता शे ना वं? मंग सूनना गळा मोकळा काबरं?"

दोन-चार बायका हसल्या. ओट्यावरच्या पुरुषांनी ऐकलं. एकाने हेमकांतच्या पाठीवर थाप मारली, "शेस ना रे बाप्पा?" तोही हसला. पण त्याचे कान तापले.

तो आत गेला. मधल्या खोलीत धनुबाई होती, रोहिणी होती, मागे आरतीचं ताट घेऊन सरलाबाई होती. धनुबाई हळू आवाजात म्हणाली, "कागद माले माहीत शे, भाऊ. पन बाया बोली ऱ्हायन्यात. पोत तुन्हाजोडे शे का?"

तिने एवढंच विचारलं. "सुरतले ऱ्हायनी" असं तो सांगू शकला असता. आई पुढे काही बोलली नसती. रोहिणीने गळ्यावर तळहात ठेवला होता. ती त्याच्याकडे बघत होती. हेमकांतने खिशात हात घातला.

"एक रातना सवाल शे," तो म्हणाला.

तिने हात खाली घेतला. आकडा त्यानेच लावला.

पोत सोमवारी दुपारी निघाली. तोवर ती रात्रभर घामात, माणसांत, काठाच्या लुगड्याखाली होती, आणि सकाळी नदीपर्यंत उन्हात. वाटेत बायकांनी कानबाईला हळदकुंकू वाहिलं, ते ओघळून गळ्यावर आलं. मंगळवारी सिस्टरने पदर बाजूला केला. डॉक्टरांना बोलावलं. जिथे मणी होते तिथली कातडी निघाली होती, एकेका मण्याच्या मापाने, ओळीने.

सतरा दिवस शेक बंद राहिले.

काजल बुधवारी सुरतेला आली. तिने गळा पाहिला आणि तिथूनच घरी फोन लावला. पलीकडून धनुबाई म्हणाली, "मी घाली." हेमकांत तेव्हा मोरीत तिच्या गळ्यावरचं कापड धूत होता. त्याने ते ऐकलं. त्याला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, रोहिणी बरी झाली की सांगू. ती बरी झाली असती तर सांगायची गरजच राहिली नसती.

सगळे तेहतीस पूर्ण झाले. पौषात गाठ परत आली. हेमकांतने डॉक्टरांना एकदाच विचारलं, "मधे जो खंड पडला, त्यामुळे का?" डॉक्टर म्हणाले, "असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. तसंही झालं असेल, नसेलही." हेमकांतला वाटलं होतं हो म्हणतील किंवा नाही म्हणतील.

शेवटी रोहिणीचा आवाज पूर्ण गेला. ती वहीत लिहायची. पाणी. उशी. कापूस किती निघाला. एक दिवस तिने लिहिलं, "मायवर नाव येऊ देऊ नका. काजलला तुम्ही सांगा." त्याने मान हलवली. तिने वही परत घेतली आणि "सांगा" या शब्दाखाली रेघ ओढली.

*

"मोठी माय काकांकडे म्हसावदला राहायला जाईल, मगच मी या घरात पाय ठेवीन," काजल म्हणत होती. "पप्पा, मी तुमच्याशी भांडत नाही. तुम्ही आईसाठी किती केलं ते मी बघितलं आहे. पण हिच्या हातचं पाणी मला गिळवणार नाही."

"मायले मी लई जास," उमाकांत म्हणाला. "मन्हीबी माय शे. त्यामा इतलं बोलानी गरज नई."

"जासू," धनुबाई म्हणाली. "पोर म्हंस तर जासू. मन्हं लुगडं भरानं कितला येळ लागस?" ती उठायला लागली. गुडघ्यावर हात टेकून, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा उठली.

भरत म्हणाला, "हाईच बरं व्हई, दाजी. सगळासले बरं."

हेमकांतचा हात खिशापाशी गेला आणि तिथेच राहिला.

तेव्हा दाराआडून सरलाबाई बोलली. चोवीस वर्षांत ती जेठाशी, थोरल्या दिराशी, समोरासमोर कधी बोलली नव्हती. आताही ती त्याच्याकडे न बघता खांबाकडे बघून बोलली.

"मायले आम्ही नेसूत. आम्ना घर दोन खोल्या शेतस, तरी नेसूत. पन खोटावर नेसूत नई. मी आरतीनं ताट लई उभी व्हतू तठे अजून कोनी उभं व्हतं. त्यासनी बोलाले पायजे."

"तू मधमा पडू नको," उमाकांत म्हणाला.

"सरला, आत जाय." धनुबाई एकदम वळली. तिचा आवाज इतका वेळ दबलेला होता, तो चढला. "आत जाय म्हनं ना! चुलावर पानी शे ते उतार."

काजलने आजीकडे पाहिलं. मग काकूकडे. "कोण उभं होतं, काकू?"

सरलाबाईने पदर आणखी पुढे ओढला.

"मी," हेमकांत म्हणाला.

त्याने डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली. खिशातून पुडी काढली आणि फरशीवर ठेवली. प्लास्टिकमधून काळे मणी दिसत होते.

"पोत मन्हाजोडे व्हती. तुन्ही मायले कोनी जबरदस्ती करी नई. मोठी मायनी इचारं, तुन्हाजोडे शे का. बस. काढी मी. घाली मी. आकडा मी लावा."

काजलचा चेहरा हलला नाही. "कागद तुम्ही वाचला होता."

"वाचा व्हता. पाठ व्हता."

"मग?"

"बाया हसन्यात. माले…" तो थांबला. "मी जिता शे आनी तिन्हा गळा मोकळा, ते माले सहन व्हयनं नई."

भरतने समोरचा गार झालेला चहा उचलला, सायीसकट पिऊन टाकला आणि रिकामा कप धनुबाईच्या हातात दिला. "मावशी," तो म्हणाला.

"आठ महिने," काजल म्हणाली. "आठ महिने मी हिच्याशी धड बोलले नाही. फोनवर हिचा आवाज आला की मी ठेवून द्यायचे. तुम्ही समोर होतात."

"हा."

"आणि तू?" ती आजीकडे वळली. मराठी सुटलं, बोली आली. "तू काबरं खोटं बोलनी, मोठी माय?"

धनुबाई कप हातात धरून उभी होती. "तुन्ही माय वाचाव नई, हाई माले तव्हयच दिसनं व्हतं," ती म्हणाली. "तुले बाप तरी ऱ्हावाले पायजे व्हता. मन्हं काय? मी आज शे, सकाय नई."

काजल आजीजवळ गेली. तिच्या हातातला कप काढून खाली ठेवला आणि तिचे दोन्ही हात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग बॅग उचलली. भरत आधीच गाडीकडे गेला होता. ती पायरी उतरली. फरशीवरच्या पुडीवरून तिची नजर गेली, पण ती थांबली नाही, आणि बापाकडे तिने पाहिलं नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर उमाकांत शेताकडे निघून गेला. सरलाबाई आत गेली. हेमकांतने पुडी उचलली.

"आठ महिना हाई मन्हावर लिसन मी धकाडं," धनुबाई म्हणाली. ती आता रडत होती, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तुले आजच सांगानं व्हतं?"

"रोहिणीनी वहीमा लिखं व्हतं. काजलले तुम्ही सांगा."

"तिन्ही लिखं म्हनीसन सांगं का?" ती म्हणाली. "तुन्हा मनमा नव्हतं?"

हेमकांतने पुडी सदऱ्याच्या खिशात घातली.

*

धनुबाई म्हसावदला गेली नाही. काजल रोज संध्याकाळी तिला फोन करते. जेवलीस का, गोळी घेतली का, विचारते. धनुबाई फोन कानाला धरून सांगते की तुन्हा बाप आठेच बसेल शे, दिऊ का? त्यावर तिकडून काय उत्तर येतं ते हेमकांतला ऐकू येत नाही. धनुबाई फोन खाली ठेवते आणि म्हणते, "कामवर शे ती."

ऊस गेला. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या. शेक देताना रोहिणीच्या चेहऱ्यावर बसवायचे तो जाळीचा पांढरा मुखवटा दवाखान्याने घरी दिला होता, तो कपाटावर आहे, टॉवेलात गुंडाळलेला. फ्रिजवरचा कागद कोणी काढलेला नाही. ट्रंकेतले चार तुकडे कुलुपातच आहेत. यंदा घरात दुःख आहे म्हणून रोट दुसऱ्या घरी होईल.

पोत आईची, ती मुलीकडे जायला हवी. हेमकांतच्या खिशात ती अजून त्याच पुडीत आहे. काजलला द्यायची राहिली आहे.